सुईची डबी

आजी गेल्यावर तिची ट्रंक उघडली. दोन नऊवारी, पानं सुटी झालेला हरिपाठ, आणि तपकिरीच्या रिकाम्या डबीत दोरा गुंडाळलेली सुई. आजीला शिवण कधी जमलं नाही, बटण तुटलं तरी आईच लावायची. तरी डबी टाकवेना. यंदा वारीला निघताना पिशवीत घेतली.

दिवेघाट, सासवड, वाल्हे सगळं एकमेकांत मिसळलंय. जेजुरीचा भंडारा दोन दिवस केसांत होता. नीरेला पादुकांचं स्नान गर्दीत दिसलंच नाही. पुढे पुढे तर मला नुसता राग येत होता. मागून ट्रकचे हॉर्न, टँकरपाशी हंड्यांची ढकलाढकली. रात्री समाज आरतीला चोपदारांनी दंड उंचावला, एवढा जनसमुदाय क्षणात गप्प झाला आणि मला हुंदका आला. सकाळी पुन्हा राग.

त्यातला निम्मा आजीवरचा होता. माझा वाढदिवस जूनअखेरचा. अधिक महिन्यामुळे वारी पुढे गेली तरच ती घरी असायची. एकदा मी रडून विचारलं होतं, "तुला पांडुरंग मोठा का मी?" ती म्हणाली, "चालून ये एकदा, मग भांडू."

फलटण सोडलं आणि दुपारी बरडच्या वाटेवर टाच फुटल्यासारखी झाली. दिंडी पुढे गेली. रस्त्याकडेच्या बाभळीखाली बूट काढून बसले. परभणीकडची एक बाई डोक्यावरची तुळस अलगद खाली ठेवून शेजारी टेकली.

"बघू पाय. लई मोठा फोड आलाय की, माय. सुई हाय का?"

मी डबी दिली. झाकण उघडताच ती हसली. "ही तर वारीचीच सुई. घरात कोण वारकरी?"

"आजी होती."

तिने माझा पाय मांडीवर घेतला. मी ओढायला गेले, तिने सोडला नाही. सुई फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली, दोरा दोन्हीकडे बोटभर ठेवून दातांनी तोडला. "दोरा राहू दे आतच. पाणी झिरपून जातं. कातडं सोलू नको." मग हळद-तेल लावलं.

72च्या दुष्काळात विधवा आजीने खडी फोडून, सुकडी घरी आणून पोरं जगवली. तिच्या हाताला तेव्हाचे घट्टे होते, ते आम्हाला ठाऊक होते. 44 वाऱ्यांत त्याच हातांनी किती पाय असे मांडीवर घेतले, ते मात्र तिने कधी सांगितलं नाही. 2020ला पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या, तेव्हा ती टीव्हीपुढे हात जोडून उभी होती. बस दिसेनाशी होईपर्यंत बसली नाही.

त्या बाईने उठताना माझ्याच पायांना हात लावला. मी वाकेपर्यंत तुळस डोक्यावर गेली होती. "दोरा सरत आलाय," जाता जाता म्हणाली, "नातेपुत्यात घे."

घेतला. पांढरी रीळ. वाखरीच्या मुक्कामी दोघींच्या टाचांना पुरली.

पंढरपुरात दर्शनबारीत शिरायचं बळ नव्हतं. कळसाला हात जोडले. चालून आले गं, आजी. आता भांडायला ये.