०.७३ की १६? एका नळीने खाल्लेला गुरुवार

सोलर ट्रॅकरची टॉर्क ट्यूब होती, म्हणजे पॅनल सूर्याकडे फिरवते ती लांब स्टीलची नळी. टेस्टसाठी तिचा दीड मीटरचा तुकडा, बाहेरचा व्यास १०० मिमी, जाडी फक्त २, दोन्ही टोकांना जाड प्लेट वेल्ड केलेली, टॉर्क १ किलोन्यूटन-मीटर. सकाळी मी शेल मॉडेल (पत्र्याचे छोटे छोटे तुकडे पाडून संगणकावर केलेलं गणित) रन केलं, पीळ आला १६ अंशांच्या वर, आणि फार विचार न करता क्लायंटला मेल टाकून मोकळी झाले की जाडी वाढवावी लागेल.

अकराला आमचा ज्युनियर कागद घेऊन आला. "मॅडम, ब्रेटच्या सूत्राने ०.७३ अंश येतंय." म्हणजे पातळ बंद नळीचा पीळ हाताने काढायचं सूत्र. मी म्हटलं अरे एककं बघ, मिमीचं मीटर झालं असेल. परत आला, यावेळी पोलर मोमेंटनेही (गोल नळीच्या पिळाचं नेहमीचं सूत्र) करून, दोन्हीत हजारात अर्ध्याचाही फरक नाही. तरी माझं आपलं चालूच, १८९६ चं सूत्र आहे बाबा, त्यात असतील काहीतरी गृहीतकं. (हे आठवलं की अजून लाज वाटते.)

जेवून आल्यावर ॲनिमेशन लावलं तेव्हा खटकलं. नळी जागच्या जागी पिळायला हवी ना, इथे टोकाची प्लेट चक्क बाजूला झोका घेत होती, जणू खुंटी नळीच्या बाहेर कुठेतरी ठोकलीय. फ्री एज, म्हणजे मॉडेलमधली कशालाच न जोडलेली कड, चेक केला तर नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ लाल रेघ! पत्रा वळवून जिथे जोडलाय तिथले नोड (तुकड्यांच्या कोपऱ्यांचे बिंदू) एकावर एक बसलेले पण मर्जच केलेले, म्हणजे एकमेकांना जोडलेलेच नाहीत. म्हणजे मी नळी नाही, उभी चिरलेली नळी पिळत होते.

पण मग चिरलेल्या नळीचं साधं सूत्र लावलं तर कडकपणा १८०० पट कमी आणि पीळ १३०० अंश, साडेतीन वेढ्यांच्याही वर, चकलीच की! मग माझे १६ कुठून आले? ज्युनियरने कॅलेंडरची पुठ्ठ्याची नळी घेतली, कटरने उभी चिरली आणि पिळली, तर चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींवरून लांबीच्या दिशेने सरकल्या. टोकं तळव्यांत घट्ट दाबून धरली की सरकणं बंद, आणि नळी लगेच ताठ. माझ्या मॉडेलमध्ये तेच काम त्या जाड प्लेटा करत होत्या. व्लासोव्हच्या पद्धतीने, म्हणजे हे लांबीच्या दिशेचं सरकणं (वार्पिंग) अडवल्याचा हिशेब धरून, पुन्हा केलं तर साडेसोळा!

नोड मर्ज केले, रन केलं, ०.७३. क्लायंटला दुसरा मेल लिहायला मला गणितापेक्षा जास्त वेळ लागला, तीन ओळींचाच होता, "२ मिमी पुरेशी आहे, सकाळचा मेल धरू नये".