तुम्ही विचारलंत म्हणून: लोणार अर्ध्या तासात होतं का?

वेरूळ-अजिंठ्याला जोडून लोणारचा बेत आखणारे हमखास विचारतात, "सरोवर बघायला अर्धा तास पुरे ना?" काठावरून बघायला पुरे. पण सरोवर ज्यात आहे ते पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर मोबाईलच्या फोटोत मावत नाही, आणि खरी गंमत खाली आहे.

अर्धा दिवस ठेवा. सकाळी लवकर गावाजवळच्या गोमुख धारेपासून सुरुवात करा. ही धार बारमाही आणि गोड्या पाण्याची; सव्वाशे मीटरहून जास्त खाली तळं मात्र खारं. धारेचं, पावसाचं पाणी आत येतं, बाहेर पडायला वाट नाही. ते उन्हानं उडून जातं, क्षार तेवढे साचत राहतात. पाण्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास असतो, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी आहे. ओली हळद फासलेला कागद त्यात बुडवा, लालसर होतो. (कागद खिशात घालून परत आणा, हे अभयारण्य आहे, दगडही उचलायचा नाही.) इथल्या खाराचा काच आणि साबण करायला उपयोग व्हायचा, आईन-ए-अकबरीतही त्याचा उल्लेख सापडतो. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा लोकांनी काय काय तर्क लढवले! पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव फोफावले, इतकंच होतं ते.

विवर उल्केच्या आघातानं झालं याबद्दल आता वाद नाही. वयाचा आकडा मात्र ५० हजार वर्षं असा सर्रास छापला जातो. नंतर खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढणाऱ्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार निघालं.

उतरताना वाटेत रामगया मंदिर लागतं, पुढे काठानं कमळजादेवीचं देऊळ. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. काठचा काळा चिखल वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत, आणि वास सडक्या अंड्यांचा. पाणी वाढलं की कमळजेची वाट बुडते, म्हणून वरच चौकशी करा. खाली प्यायला काही मिळत नाही. माणशी दोन लिटर पाणी न्या. चढण उन्हात दम काढते, अकराच्या आत वर या.

मग गावातलं दैत्यसूदन मंदिर. लवणासुराला पायाखाली घेतलेला विष्णू गाभाऱ्यात आहे. बहुतेक जण बाहेरच्या मूर्ती बघून निघतात. आतल्या छतावरचं कोरीवकाम अंधारात राहून जातं. टॉर्च विसरू नका.