क्वेस्ट २ बदलायचा का? बारवेत उतरून घेतलेला निर्णय

माझ्याकडे मेटाचा क्वेस्ट २ आहे. हा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर लावून थ्रीडी जगात शिरायचं यंत्र. तो बदलायचा की नाही हे दिवाळीआधी ठरवून टाकतो, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. दिवाळी होऊन गेली. मधे दोन महिने चाचण्यांत गेले, पण त्यामुळे आता जे ठरलंय ते नीट पाहून ठरलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी परभणीचा. सुट्टीच्या दिवशी जिल्ह्यातल्या जुन्या बारवांचे, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींचे, फोटो काढतो, फोटोग्रामेट्रीने (अनेक फोटो जुळवून आकार काढायची पद्धत) त्यांचं थ्रीडी मॉडेल करतो, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हलकं करतो आणि गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून क्वेस्ट २ वर चालवतो. सध्याचं काम सेलू तालुक्यातल्या वालूरच्या बारवेचं. तिच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात. गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ काढला म्हणून त्या आज आपल्याला दिसतात. फोटोत हा फिरता उतार सपाट होऊन जातो. हेडसेटमध्ये मात्र काठावर उभं राहिलं की पोटात गोळा येतो, आणि त्याच्यासाठीच मी हे सगळं करतो.

क्वेस्ट २ आला ऑक्टोबर २०२० मध्ये. दर डोळ्याला १८३२ बाय १९२० पिक्सेल, फ्रेनेल नावाची खाचांची भिंगं, वजन ५०३ ग्रॅम. माझ्याकडच्याची बॅटरी आता जेमतेम सव्वा तास टिकते. ती अडचण सुटली आहे: मागच्या पट्ट्याला पॉवर बँक बांधली. चार्जिंगही होतं आणि पुढचं वजन मागे तोललं जातं. हातात धरायचे कंट्रोलर चित्रात अधूनमधून थरथरायचे, त्याचं कारण सेटिंगमध्ये सापडलं. हेडसेटचे कॅमेरे ज्या वेगाने भोवताल टिपतात ती ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झवर होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिव्यांची लुकलुकही त्याच हिशोबाने होते. ५० केलं, थरथर गेली. एवढ्यासाठी कुणी हेडसेट बदलायला निघाला असेल तर आधी हे तपासा.

खरा त्रास डोळ्यांचा होता. अर्ध्या तासात कपाळ जड व्हायचं. चष्म्याच्या दुकानात जाऊन पीडी मोजून घेतला, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर: ६५.५ मिलिमीटर. क्वेस्ट २ ची भिंगं तीनच जागी थांबतात, ५८, ६३ आणि ६८. मी बरोबर मधल्या फटीत. भिंगं हाताने अधल्यामधल्या जागी आणता येतात, पण चेहऱ्यावर लावताना धक्का लागला की सरकून परत खाचेत बसतात. मग घरातल्या एका लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घेतला, बोटाच्या पेराएवढी पट्टी कापली, तिची तिहेरी घडी केली आणि दोन्ही भिंगांच्या चौकटींमध्ये, नाकाच्या वरच्या बाजूला, दाबून बसवली. पहिल्या खेपेला घडी जाड झाली, सोडवून पुन्हा केली. त्या संध्याकाळी पाऊण तास बारवेत फिरलो आणि कपाळ हलकं होतं. तीन वर्षं मी ज्याला रिझोल्युशन कमी पडतंय म्हणत होतो, त्यातलं निम्मं हे होतं.

उरलेलं निम्मं कळायला छत्रपती संभाजीनगरला जावं लागलं. तिथल्या मित्राकडे पुढचा हेडसेट, क्वेस्ट ३, आहे. सकाळच्या गाडीने माझा हेडसेट पाठीवरच्या पिशवीत घालून गेलो आणि तीच मॉडेलं दोन्हीवर चढवून एकानंतर एक पाहिली. गोडोतलं ॲप ओपनएक्सआर या वेगवेगळ्या हेडसेटांना चालणाऱ्या सामाईक मानकावर असल्यामुळे काही बदलावं लागलं नाही.

आकड्यांत फरक असा: क्वेस्ट ३ मध्ये दर डोळ्याला २०६४ बाय २२०८, म्हणजे पिक्सेल साधारण ३० टक्के जास्त. पण डोळ्याला जाणवतो तो भिंगांचा फरक. फ्रेनेल भिंगावर गोल गोल खाचा असतात, त्यांच्यावरून उजेड फाकतो. अंधाऱ्या तळातून वरच्या आभाळाकडे बघितलं की पांढरे फराटे दिसतात ते त्यांचेच. शिवाय स्पष्ट दिसणारा भाग मधोमध एवढासा, त्यामुळे पायाखालची पायरी बघायला अख्खी मान खाली घालावी लागते. क्वेस्ट ३ च्या पॅनकेक भिंगात प्रकाश आतल्या आत परतून येतो, भिंग पातळ राहतं आणि चित्र जवळजवळ कडेपर्यंत स्वच्छ दिसतं. मी नुसते डोळे खाली वळवले आणि पायरी दिसली. गोल उतरत्या बारवेत हे फार मोठं आहे. पीडीसाठी चाक आहे, ५८ ते ७१ पर्यंत हवं तिथे थांबतं. पत्रिकेची पट्टी नको.

मग दुसरं मॉडेल उघडलं आणि त्यातल्या देवळीजवळ, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्याजवळ, गेलो. हे मॉडेल जिंतूरकडच्या एका बारवेचं, तिथल्या देवळीच्या चौकटीवर बारीक नक्षी आहे. क्वेस्ट २ वर ती धूसर दिसायची आणि मी हेडसेटला दोष द्यायचो. क्वेस्ट ३ वर ती आणखी स्वच्छपणे धूसर दिसली! फोटोच मऊ होते. दुपारच्या उन्हात, हातात फोन धरून काढलेले, सावल्या मॉडेलवर चढवलेल्या चित्रात कायमच्या चिकटलेल्या. दुसरी चूक अशी की ४० लाख त्रिकोणांचं मॉडेल (थ्रीडी आकार छोट्या त्रिकोणांचा बनतो) ६ लाखांवर आणताना मी सगळं कोरीवकाम नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे सपाट पृष्ठावर उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात, टाकलं होतं. संगणकाच्या पडद्यावर ते उठून दिसतं, पण दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळाली की लबाडी लगेच उघडी पडते. हातभर अंतरावरची नक्षी भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखी दिसते. जवळून बघायचं त्याला खरी भूमितीच लागते, लांबच्या भिंतींना नॉर्मल मॅप चालतो.

क्वेस्ट ३एस चा विचार बरेच जण करताहेत, मीही केला. प्रोसेसर क्वेस्ट ३ चाच, भोवतालचं रंगीत दिसतं, किंमतही कमी. पण पडद्याचं रिझोल्युशन क्वेस्ट २ एवढंच, भिंगं फ्रेनेल, आणि पीडीच्या तीनच जागा. ६३ च्या आसपास डोळे असणाऱ्याने खुशाल घ्यावा. मी घेतला तर पुन्हा लग्नपत्रिका शोधत बसेन.

निर्णय शेवटी एका आजींमुळे झाला. वालूरच्या देवळाच्या सभामंडपात काही जणांना मॉडेल दाखवत होतो. उघड्यावर दाखवत नाही, कारण उन्हात कंट्रोलरचा इन्फ्रारेड उजेड कॅमेऱ्यांना दिसत नाही आणि भिंगातून ऊन आत गेलं तर पडदा जळतो. हेडसेट खाली ठेवला की मी त्यावर लगेच उपरणं टाकतो. आजींनी हेडसेट लावला आणि आधी उजव्या पायाचा अंगठा पुढे करून पायरी चाचपली. मग म्हणाल्या, "ह्या कोपऱ्यात आमी घागरी ठेवायचो बाबा." बोट अगदी बरोबर जागी होतं. पण दोनच मिनिटांत दोन्ही हातांनी हेडसेट काढायला लागल्या. "काढ लेकरा. माणसं दिसंनात, जीव घाबरायलाय." क्वेस्ट २ मधून बाहेरचं दिसतं ते काळं-पांढरं, मुंग्या आल्यासारखं. क्वेस्ट ३ वर बारव समोर, बाजूला नात बसलेली रंगात दिसते, असं करता येईल. त्या दहा मिनिटं बसल्या असत्या तर आणखी काय काय दाखवलं असतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

तर क्वेस्ट ३ घ्यायचा. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी, आत्ता नाही. त्याआधी दोन्ही बारवांचे फोटो नव्याने काढायचे: तिवईवर कॅमेरा, रॉ (न दाबलेली मूळ) फाइल, भिंगाचं छिद्र एफ ८ वर, रंगांचा तोल (व्हाइट बॅलन्स) बांधलेला, शेजारच्या दोन फोटोंत निदान ७० टक्के भाग सामाईक. वेळ थंडीतली सकाळ, ऊन पायऱ्यांवर उतरायच्या आत. श्रावणातला ढगाळ उजेड याहून चांगला, पण तेव्हा दगड ओला असतो आणि ओल्या दगडावरची चमक सॉफ्टवेअरला फसवते.

येत्या रविवारी साडेसहाला वालूरला पोचायचंय. तिवई मागून आणली आहे. आजींना निरोप धाडलाय, घागरींच्या कोपऱ्याचे फोटो त्यांना विचारून सगळ्यात आधी काढणार.