रिकाम्या खुट्याचं गाणं : तिसऱ्या व्हिडिओची नोंद

आखाडीपर्यंत रफ कट (व्हिडिओची पहिली कच्ची जोडणी) हातात येईल असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. नाही आला. पावसाने मधे पंधरा दिवस ताण दिला, लोकांनी विहिरीवरच्या मोटारी सुरू केल्या अन् त्यातल्या निम्म्या जळून माझ्या दुकानात आल्या. दिवसा वाइंडिंग, रात्री एडिटिंग असा हिशोब होता, पण रात्री दहाला तांब्याची तार डोळ्यांसमोर नाचत असताना टाइमलाइन कशी दिसणार! आता पोळा चार दिवसांवर आला. गाणं चार मिनिटं दहा सेकंदांचं, त्यातली तीन वीस बसली आहेत.

आधी गाण्याबद्दल. आमच्या गाणाऱ्या गजूने लिहिलं ते सरळ विरहाचं गाणं आहे. ती गेली, आंगण सुनं झालं, जीव लागेना, अशा थाटाचं. त्याचा व्हिडिओ कसा करायचा हे आपल्या इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वरून ड्रोन, खाली पऱ्हाटी अन् तुरीची तासं. बुलेटवर पोरगा. फाट्यावर कॉलेजची बॅग घेतलेली पोरगी, ओढणी स्लो मोशनमध्ये. मग धोतर-टोपीतला बाप, आणि शेवटी धूळ उडवत निघालेली एसटी. माझ्या पहिल्या दोन व्हिडिओंत हेच आहे, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. चार मिनिटांत ओळख करून द्यायला वेळच नसतो. बुलेट दिसली की पाचव्या सेकंदाला बघणाऱ्याला कळतं आपण कोणत्या गावात आलो. ठरलेली चित्रं म्हणजे बघणाऱ्याशी आधीच झालेली बोलणी. फक्त त्या बोलणीत पुढे काही घडायला पाहिजे ना! आमच्या दोन्ही व्हिडिओंत काही घडत नाही. एसटी जाते अन् गाणं संपतं.

तिसऱ्याचाही आराखडा तोच होता. पण गाण्याचा कच्चा आवाज आम्ही गजूच्या गोठ्यात बसून ऐकत होतो, कारण घरात पाहुणे. त्याची माय शेणाची पाटी घेऊन आली, थांबली, पूर्ण कडवं ऐकलं आणि म्हणाली, “काऊन रे, हे ढवळ्याचं गाणं लिवलं का तू?”

गजूच्या बाबांनी चैतात बैलजोडी विकली. नांगरटी-वखरटी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, दोन जनावरांची वैरण परवडेना. खुटे मात्र अजून तसेच आहेत, गोठा रोज झाडला जातो. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. त्या रात्री आराखडा फाडला.

नवा नियम असा : शब्द एकही बदलायचा नाही, ते प्रेयसीचेच राहू द्यायचे. चित्र मात्र बैलाचं, आणि गेलेला बैल दाखवायचाच नाही. विरहाच्या गाण्यातली ठरलेली चित्रं एकेक करून गोठ्यात आणली. उशीखालच्या फोटोच्या जागी पेटीतली घुंगरमाळ. रिकाम्या बाकाच्या जागी खुटा, त्यावर दाव्याने घासून पडलेली खाच. एसटीच्या जागी पिकअप गाडीचा मागचा फळका, बंद होताना. त्या फळक्याचा आवाज गाण्यात नाही, तरी ठेवला. या एका आवाजावरून गजूशी दोन दिवस बोलणं बंद होतं.

ज्यांना याची तात्त्विक बाजू आवडते त्यांच्यासाठी : अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२ मध्ये गाण्याचे शब्द आणि चित्र यांची तीन नाती सांगितली. चित्र शब्दांचंच दर्शन घडवतं, शब्दांत नसलेलं काही जोडून ते वाढवतं, किंवा शब्दांशी सरळ फारकत घेतं. आपल्याकडे नव्वद टक्के काम पहिल्या प्रकाराचं (टक्केवारी माझीच, अंदाजपंचे). ‘चांदणं’ म्हटलं की चंद्र. दुसऱ्या प्रकारासाठी नॉर्वेच्या आ-हा या बँडचा १९८५ चा ‘टेक ऑन मी’ पाहा. हॉटेलात चित्रकथा वाचणारी पोरगी, पानातून बाहेर आलेला पेन्सिलीचा हात, आणि ती त्या पानात शिरते. शब्दांत चित्रकथेचा उल्लेखच नाही, सगळी गोष्ट चित्राने आणली. आणि ठरलेला साचा उलटा कसा वापरायचा ते पाहायचं असेल तर अलिशा चिनॉयचा १९९५ चा ‘मेड इन इंडिया’. स्वयंवराची परीकथा, पण निवड करणारी राणी, अन् शेवटी लाकडी पेटीतून निघतो मिलिंद सोमण. साचा ओळखीचा होता म्हणूनच उलटवल्यावर मजा आली. आमचं गाणं पडतं फारकतीत, पण पूर्ण नाही. दुःख तेच आहे, फक्त धनी बदलला.

आता कामाचं. गाण्याचा ठेका मिनिटाला ७५ ठोके ठेवायला मीच लावला. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक ठोका बरोबर २० फ्रेमचा होतो, कात्री नेमकी पडते. मागचं गाणं १२० चं होतं, तिथे ठोका साडेबारा फ्रेमचा, म्हणून दर दुसरा कट किंचित डगमगायचा आणि मी महिनाभर फोनला शिव्या घातल्या. पण नेमकेपणाचाही कंटाळा येतो. सगळे कट ठोक्यावर पडले तर व्हिडिओ थ्रेशर मशीनसारखा चालतो. म्हणून खुट्याचा शॉट अकरा सेकंद तसाच ठेवला, चार-पाच ठिकाणी कट ठोक्याच्या थोडा आधी घेतला.

गजू गातो तो भाग सेकंदाला ५० फ्रेमने घेतला. स्पीकरवर गाणं दुप्पट वेगाने लावायचं, गजूने तितक्याच वेगाने ओठ हलवायचे, नंतर चित्र अर्ध्या वेगाने लावायचं. ओठ गाण्याशी जुळतात, पण खांद्यावरचा शेला आणि गोठ्यातली धूळ संथ तरंगते. जुनी युक्ती आहे, जरूर करून पाहा. फक्त दुप्पट वेगाचं गाणं मच्छरासारखं गुणगुणतं, तेव्हा शेजारची पोरं भिंतीवर चढून हसतात. सात टेक त्यातच गेले.

गोठ्यातल्या बल्बने वेगळा ताप दिला. चित्रात काळे पट्टे सरकत होते. आपली वीज ५० सायकलची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो, आणि फोन आपल्या मर्जीने शटर १/१२० सेकंद धरत होता. हाताने १/१०० केलं, पट्टे गेले. मोटार वाइंडिंगवाल्याला हे सुचायला तीन रात्री लागल्या, यावर कृपया विनोद करू नये.

गजूला अभिनय येत नाही, हे तोही मान्य करतो. रडायला सांगितलं की तो दात दुखत असल्यासारखा दिसतो. त्यावर कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा जुना प्रयोग कामी आला : एकच कोरा चेहरा, पुढे चित्र बदललं की बघणारा भाव स्वतः भरतो. गजूला म्हटलं, भिंतीवरच्या पालीकडे पाहत राहा. तोच शॉट घुंगरमाळेनंतर लावला तर त्याच्या मायने पदर डोळ्याला लावला. पालीचं तिला अजून सांगितलेलं नाही.

राहिला शेवट. माझ्या मनात होतं की पोळ्याच्या आदल्या सांजेला, खांदशेकणीच्या (बैलांचे खांदे शेकायच्या) वेळी, गजूच्या बाबांनी रिकाम्या खुट्यासमोर उभं राहून नेहमीचे शब्द म्हणावेत, “आज आवतन घ्या, उद्या जेवायले या.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “खुट्याले आवतन देऊ? येडा झाला का बे?” बरोबरच होतं त्यांचं. तो शॉट माझ्या डोक्यात शोभत होता, त्यांच्या गोठ्यात नाही.

मग ठरलं की पोळ्याच्या तोरणाखाली सजलेल्या जोड्या, झूल, बेगड, झडत्यांचा (पोळ्यात ओरडून म्हणायच्या यमकांचा) गलका, मग पोळा फुटतो म्हणजे तोरण तुटून जोड्या सुटतात तो क्षण, आणि गर्दीत पाठमोरे बाबा. झडत्यांच्या वेळी डीजे नको म्हणून सरपंचांना सांगितलंय. दुसरा फोन लागेल, दारव्ह्याकडचं कोणी येणार असेल तर कळवा, जेवण आमच्याकडे.

काल रात्री निघताना बाबा ओट्यावर तंबाखू चोळत बसले होते. ढवळ्या ज्या गावाला गेला ते इथून सहा किलोमीटर. माझ्याकडे न पाहताच विचारलं, “त्यायचा पोळा किती वाजता फुटते म्हने?”

चारला फुटतो. आपला साडेपाचला. दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून ठेवल्यात.