मुलांच्या हातात सुई द्या, आणि सोबत बटण तुटलेला शर्ट पण

मुलांना शिवण शिकवायचं मनात आलं की हल्ली पहिली गोष्ट काय होते तर ऑनलाइन किट मागवलं जातं. फेल्टचे आधीच भोकं पाडलेले तुकडे, प्लॅस्टिकची सुई, आत भरायला थोडा कापूस, आणि बॉक्सवर घुबडाचा किंवा कपकेकचा फोटो. मूल दुपारभर बसून ते घुबड करतं, घरातले सगळे कौतुक करतात, मग ते घुबड शोकेसमध्ये जातं आणि सुई परत हातात येतच नाही. किट वाईट असतं असं मी म्हणत नाही, पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी ते चांगलंच आहे, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शिवण खरंच यायला हवं असेल तर त्याला पहिल्याच दिवशी त्याच्या स्वतःच्या वापरातली वस्तू द्या असं माझं ठाम मत आहे. शाळेच्या शर्टाचं तुटलेलं बटण यासारखी दुसरी सुरुवात नाही.

मी पुण्यात राहते, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजूबाजूची मुलं माझ्याकडे शिवण शिकायला येतात, काही पहिली-दुसरीतली, काही पार आठवीतली. मुली येतात, मुलगे पण येतात, आणि मुलगे यावेत म्हणून मी मुद्दाम त्यांच्या आयांच्या मागे लागते कारण "त्याला कशाला" हे अजूनही ऐकायला मिळतं. गंमत बघा, आपल्या गल्लीतला टेलर पुरुषच असतो, लग्नाचा सूट शिवणारा पुरुष, शिंपीकाम पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनी केलं, आपले नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले, आणि तरी घरात सुईदोरा दिसला की तो मुलीच्याच हातात द्यायचा. मला हे अजिबात पटत नाही. बटण सगळ्यांचंच तुटतं ना!

तर बटण. आधी दोरा किती घ्यायचा ते दाखवायचं, बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंतच्या दुप्पट म्हणजे दुपदरी केल्यावर कोपरापर्यंत येईल इतका, बास. मुलांना वाटतं लांब घेतला की परत परत ओवायला नको, पण लांब दोऱ्याला गुंता होतो आणि गुंता झाला की मूल वैतागतं आणि सुट्टीतला सगळा उत्साह तिथेच संपतो. दोरा तिरका कापायचा म्हणजे टोक बारीक राहतं. ओवताना दोरा दोन बोटांच्या चिमटीत अगदी टोकाशी धरायचा आणि सुईचं नेढं त्याच्यावर आणायचं, दोरा हवेत लटकवून नेढ्याचा नेम धरत बसायचं नाही. तरी नाही जमलं तर ती पातळ तारेची ओवणी मिळते ना, दहा-वीस रुपयांत, ती द्या, त्यात काही कमीपणा नाहीये. गाठ मारायला बोटाला दोरा गुंडाळून अंगठ्याने घरंगळवत खाली आणायची युक्ती आमच्या आज्यांची, ती मुलांना जादूसारखी वाटते आणि एकदा जमली की ती कारण नसताना पण दिवसभर गाठी मारत बसतात. मारू द्या.

चार भोकांचं बटण असेल तर दोन समांतर रेघा किंवा फुली, जे आवडेल ते, फक्त शर्टावरची बाकीची बटणं कशी लावलीयेत ते आधी त्यालाच बघायला सांगा. आणि एक गोष्ट कोणी शिकवत नाही ती म्हणजे बटणाच्या वर काडेपेटीची काडी ठेवून टाके तिच्यावरून घ्यायचे, मग काडी काढायची, बटण थोडं वर ओढायचं आणि खाली जो ढिला दोरा राहतो त्याच्याभोवती दोरा तीन-चार वेळा गुंडाळायचा. बटणाला छोटीशी मान येते त्यामुळे. काजात कापडाची जाडी मावायला जागा राहते आणि बटण लवकर तुटत नाही. हे "का" सांगितलं की मुलं फार लक्ष देऊन करतात, माझा अनुभव आहे. दुसऱ्या दिवशी तो शर्ट घालून मूल शाळेत जातं आणि ते बटण दिवसभर टिकतं, याने जे होतं ते कुठल्याही घुबडाने होत नाही.

आता धावदोरा. हा सगळ्या शिवणाचा पाया आहे, गोधडी सगळीच्या सगळी धावदोऱ्यावर उभी असते, म्हणजे हा टाका "लहान मुलांचा" वगैरे अजिबात नाही. सरावाला चौकटीचं कापड घ्या, बाबांचा जुना चेक्सचा सुती शर्ट सगळ्यात बेस्ट, त्यावर रेघ मारायलाच लागत नाही, एक चौकट वर एक चौकट खाली असं जायचं, टाके आपोआप सारखे येतात. मांजरपाट पण चांगला, जुनी सुती चादर चांगली. जॉर्जेट, सॅटिन, सिंथेटिक ओढण्या हे काहीही नको, ते सुळसुळतं आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. सगळ्यात लहान मुलांना गोणपाटाचा तुकडा, बोथट टोकाची जाड सुई आणि लोकर द्या, विण मोकळी असते त्यामुळे सुई आरपार जाताना दिसते. सुयांच्या पाकिटावर नंबर असतो तो बघून घ्या, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, मुलांना लहान नंबरची आणि मोठ्या नेढ्याची भरतकामाची सुई सोपी जाते.

डावखुरं मूल असेल तर त्याला शेजारी बसवून शिकवू नका, समोर बसवा, आरशासारखं तुमचं बघून ते बरोबर करतं. तुम्ही उजवीकडून डावीकडे जाता, ते डावीकडून उजवीकडे जाईल, इतकाच फरक. "उजव्या हाताने धर" हे मात्र कोणीही म्हणू नका प्लीज.

सुई टोचायची भीती पालकांना जास्त असते, मुलांना कमी. टोचते कधीतरी, थोडं रक्त येतं, पाण्याखाली बोट धरलं की पाच मिनिटांत मूल परत बसतं. खरा धोका पडलेल्या सुईचा असतो, म्हणून माझा एकच कडक नियम आहे, सुया मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, एक जरी कमी असली तरी कोणी उठायचं नाही. जवळ एक लोहचुंबक ठेवा, फरशीवरून फिरवला की सापडते. सुई तोंडात धरायची नाही, कपड्याला टोचून ठेवायची नाही, पिनकुशनमध्येच. पिनकुशन मुलांकडूनच करून घ्या, चार बोटांचे दोन चौकोन, तीन बाजू शिवायच्या, जुन्या उशीतला कापूस भरायचा, चौथी बाजू बंद.

यानंतर मी बटवा घेते आणि याच्यावर मी मुद्दाम जास्त वेळ घालवते कारण यात सगळं आहे. कापड घ्यायचं 18 सेंटिमीटर रुंद आणि 50 सेंटिमीटर लांब, ब्लाउजपीस उरलेला असतो प्रत्येक घरात, खणाचा तुकडा असेल तर फारच सुंदर. लांबीच्या दोन्ही टोकांना, नेफा होणार त्या भागातल्या बाजूच्या कडा आधी आत दुमडून घ्यायच्या, मग दोन्ही टोकं 3-3 सेंटिमीटर दुमडून धावदोरा घालायचा, झाला नेफा. मुलांना परकराचा नेफा दाखवा म्हणजे लगेच कळतं. आता उरलं 44, ते मधोमध दुमडलं की 22. इथे मी मुलांना थांबवते आणि विचारते, बाजूंना 1-1 सेंटिमीटर शिवणीत गेलं तर बटवा किती रुंद होईल, आणि तुझी पेन्सिल त्यात मावेल का. सहावी-सातवीतली मुलं, ज्यांना गणिताचं पुस्तक नको असतं, ती टेप घेऊन पेन्सिल मोजायला धावतात. कोणाला कंपास पेटीतल्या सगळ्या वस्तू ठेवायच्या असतात, कोणाला गोट्या, मग माप बदलतं, मग परत हिशोब, आणि हे सगळं कोणी न सांगता.

बाजू शिवताना सुलट बाजू आत ठेवायची, हे मुलांना पटतच नाही. "पण मावशी मग चांगली बाजू लपली ना" असं प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी म्हणतंच. मी उत्तर देत नाही, शिव म्हणते. इथे धावदोरा पुरत नाही, उलटी टीप घालायची, म्हणजे एक टाका पुढे घ्यायचा आणि परत मागच्या टाक्याच्या टोकाशी सुई घालायची, शिवण पक्की होते, नाहीतर वजन पडलं की फटी दिसतात. नेफ्याच्या खालपर्यंतच शिवायचं, नेफ्याची तोंडं उघडी ठेवायची. मग बटवा उलटायचा, पेन्सिलीच्या मागच्या बाजूने कोपरे बाहेर काढायचे. तो जो क्षण असतो ना, सगळे टाके आत जातात आणि एकदम दुकानातल्यासारखी वस्तू हातात येते, तेव्हाचे मुलांचे चेहरे बघायला मी दर सुट्टीत हा उद्योग करते असं म्हटलं तरी चालेल. शेवटी नाडीला सेफ्टी पिन लावून ओवायची, ते तर त्यांना शिवण्यापेक्षा पण आवडतं.

आता पालकांसाठी एक फार महत्त्वाचं. मुलाचे टाके उसवून नीट करून देऊ नका. मूल झोपल्यावर गुपचूप तर अजिबातच नको, त्याला कळतं, त्याला आपला प्रत्येक वाकडा टाका पाठ असतो. टाके वाकडे असले तरी बटवा बटव्याचं काम करतो. एखादी जागा उसवून नाणं खाली पडलं तर ते मूल स्वतः येऊन विचारेल की इथे काय करू, आणि त्या वेळी दिलेलं उत्तर त्याला जन्मभर लक्षात राहतं. तुम्ही आधीच नीट करून ठेवलंत तर प्रश्नच पडणार नाही. आणि मोठ्यांची चांगली कात्री द्या हो मुलांना, खेळण्यातल्या बोथट कात्रीने कापड कापत नाही, चावतं नुसतं, फक्त ती कात्री कागदाला वापरायची नाही हे पक्कं सांगून ठेवा.

शाळेत कार्यानुभव विषय आहे खरा, पण तो तास किती ठिकाणी गणिताला नाहीतर इंग्रजीला जातो हे सगळ्यांना माहितीये. मला याचं मनापासून वाईट वाटतं कारण हाताने काम करत शिकायचा विचार आपल्याच मातीत मांडला गेला, ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद झाली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली, म्हणजे हस्तोद्योग हा जादाचा तास नाही, त्याच्यातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकायचं. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळेत आजही शेती, स्वयंपाक, सूतकताई यातून मुलं शिकतात. सगळ्या शाळा तशा होणार नाहीत, पण घरात एक सुईचं पाकीट आणि एक जुनी चादर तर प्रत्येकाकडे निघेल ना.

बटव्यानंतर पिशवी. 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून माझ्याकडे मोठी मुलं भाजीची पिशवी शिवतातच, जुन्या पँटच्या कापडाची, कारण ते मजबूत असतं आणि पायाची नळी आयती मिळते, खालची बाजू शिवून टाकली आणि धरायचे बंद लावले की झालं. बंद जिथे लावतो तिथे चौकोन शिवून आत फुली मारायची, वजन तिथेच येतं. जाड कापडाला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची बोटावरची छोटी टोपी, लागतं, ते बोटात घालायला मुलांना फार आवडतं.

मशीनची घाई करू नका. पाय पायटीवर नीट टेकायला लागले की मगच, आणि आधी दोरा न घालता वहीच्या रेघी कागदावर, रेघेवरून भोकं पाडत जायचं. त्यासाठी जुनी सुई लावा, कागदाने सुई बोथट होते. पायमशीनचं चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो, म्हणून नुसतं चाक सुलट फिरवत पाय चालवायचा सराव आधी काही दिवस करून घ्यायचा. मोटर लावलेलं मशीन नवशिक्या मुलाला मी देत नाही, स्पीड हातात राहत नाही. ज्या मुलाने हाताने बटवा शिवलाय त्याला मशीनवर टीप सरळ का यायला हवी हे सांगावं लागत नाही.

आणि सुट्टी संपता संपता तुरपाई. जूनमध्ये आपण सगळेच युनिफॉर्मची पँट नाहीतर स्कर्ट वाढत्या मापाचा घेतो आणि खाली दुमडून शिवतो, किंवा टेलरला पैसे देऊन शिवून घेतो. हे काम आठवी-नववीतलं मूल नक्की करू शकतं. पँट घालून उभं राहायचं, दुसऱ्याने खडूने खूण करायची, दुमडून टाचण्या लावायच्या, इस्त्री फिरवायची, मग आतल्या घडीतून सुई घेत बाहेरच्या कापडाचा अगदी एक-दोन धागेच उचलायचे म्हणजे वरून टाका दिसत नाही. पँटच्याच रंगाचा दोरा घ्या, एकेरी. टाके जवळजवळ आणि सैल ठेवा, ओढून घेतले तर बाहेरून सुरकुती दिसते. वर्षाच्या मधे उंची वाढली की त्यालाच उसवायला द्या, आणि जुन्या घडीची रेघ राहिली तर ओलं सुती कापड वर ठेवून इस्त्री दाबा, सुती कापडावरची बरीचशी जाते, टेरिकॉटवरची थोडी राहते.