सतरा पाखरं

भर बाराच्या उन्हात, पैठणला नाथसागराच्या काठावर, मित्राचा ८३ पट झूमचा कॅमेरा डोळ्याला लावला. घ्यावा की नाही, ते आज ठरवायचं होतं.

लांबचा रोहित पक्षी (फ्लेमिंगो) एकदम पुढ्यात! पण फोटोत त्याची मान लिबलिबीत, वाफेतून पाहिल्यासारखी. ट्रायपॉड लावला, शटर १/१००० सेकंद केलं. तरी तेच. आतला फोटो टिपणारा सेन्सर नखाएवढा, म्हणून मी कॅमेऱ्यालाच नावं ठेवत होतो.

जाळं निवडत बसलेले मामा म्हणाले, "सायेब, उन्हानं समदंच हालायलंय. सकाळी या."

पूर्ण झूमवर, म्हणजे २००० मिलिमीटरवर, मधली तापलेली हवाही फोटोत येते, हे वाचलेलं होतं. तरी नाश्ता करून आरामात निघालो होतो!

मामांनी कपाळावर हात धरला, नुसत्या डोळ्यांनी पाखरं मोजली. "सतरा हायेत."

माझ्या स्क्रीनवर एकच होतं.

उद्या पहाटे कुणी येतंय का?