दाबोळी ते मोपा: 60-65 किलोमीटरला वेळ किती धरायचा? माझा अनुभव

दाबोळी आणि मोपा हे गोव्यातले दोन वेगळे विमानतळ. तिकिटांच्या साइटवर मला एक विमान दाबोळीला उतरणारं आणि दुसरं मोपाहून सुटणारं असं जोडून मिळालं. मध्ये चार तासांचा अवधी आणि दोन्हीकडे नुसतं ‘गोवा’ लिहिलेलं. याचा राग अजून गेलेला नाही. विमानतळ बदलतोय हे ठळक अक्षरांत लिहायला हवं. दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स, पैसे भरण्याआधी तेवढं बघाच.

नकाशावर सरळ रेषेत अंतर जेमतेम 40 किलोमीटर भरतं, पण मध्ये झुआरी आणि मांडवी या नद्या आहेत. त्यामुळे रस्ता कुठ्ठाळी, झुआरी पूल, पणजी, अटल सेतू (मांडवीवरचा पूल), पर्वरी, म्हापसा, कोलवाळ, धारगळ असा जातो. धारगळहून मोपाला थेट लिंक रोड आहे. तो चुकला तर हायवे तुम्हाला पत्रादेवीकडे घेऊन जातो.

झुआरीचा नवा पूल झाल्यापासून तिथली कटकट संपली. खरा वेळ खाते ती पर्वरी. मी गेलो तेव्हा तिथे सुमारे 5 किलोमीटरच्या उड्डाणपुलाचं काम चालू होतं. अटल सेतूवरून भरधाव आलेल्या गाड्या खाली उतरल्या की अरुंद झालेल्या रस्त्यावर येऊन थांबतात. त्यात बाजूचे जोडरस्ते, बस थांबे आणि मध्येच घुसणाऱ्या दुचाकी. संध्याकाळी पाच ते आठ पणजीत कामाला असलेले सगळे म्हापशाकडे घरी निघतात, म्हणजे नेमकी आपलीच दिशा. सकाळी हेच उलट, तेव्हा मोपाहून दाबोळीला जाणारे अडकतात.

आणि दाबोळी नौदलाचा तळ. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठच्या सुमारापासून दुपारपर्यंत धावपट्टी त्यांच्या सरावासाठी राखलेली असते. त्यामुळे बरीच विमानं दुपारनंतर येतात. तीनला उतरलात, चारला टॅक्सीत बसलात, की पर्वरीला पोचता ऐन गर्दीत. ड्रायव्हर सांगोल्ड्यावरून गिरीला काढतो म्हणाला तर आधी नकाशावर रस्त्याचा रंग बघा. गर्दी वाढली की तो गावातला रस्ताही तुंबतो. मॅपवर आदल्या रात्री दिसणारा सव्वा-दीड तास धरून चालू नका. त्यात निघायची वेळ टाकून बघायची सोय आहे, ती वापरा.

माझा हिशेब असा: सामान आणि टॅक्सी 45 मिनिटं, रस्ता वाईट दिवशी अडीच तास, चेक-इन काउंटर साधारण 60 मिनिटं आधी बंद. झाले सव्वाचार तास, तेही पहिलं विमान वेळेवर आलं तर. म्हणून सहा तास ठेवा. रात्री नऊनंतर किंवा पहाटे प्रवास असेल तर साडेचार पुरतात.

तिकिटं वेगवेगळी असतील तर बॅग आपोआप पुढे जात नाही. पट्ट्यावरून उचलून मोपाला पुन्हा द्यावी लागते. पुढचं विमान चुकलं तर कंपनी जबाबदारी घेत नाही. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, असाल तर मात्र भांडा, तारीख बदलून मागा.

गोव्यात ओला-उबर नाही. दाबोळीच्या प्रीपेड काउंटरवर पावती घ्या किंवा गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप लावा. कदंबने, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने, स्वस्तात जाता येतं, पण वास्को-पणजी आणि पणजी-मोपा अशा दोन बस होतात, त्यामुळे सामान कमी आणि अख्खा दिवस हाताशी असेल तरच.